बाहेरच्या बाजूची चावी

पार्दोकाकांना एकच वाईट खोड होती. घराची चावी ते दाराला बाहेरून लावून ठेवत.

आता इटलीतल्या काम्पोबास्सोसारख्या शहरात, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला, जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या कुणीही हात घालावा अशी चावी लटकवून ठेवायची म्हणजे काय! पुतणी निक्ला बाजारातून यायची, बघते तर चावी बाहेर, आणि काका आत खुर्चीत डुलक्या काढताहेत.

"काका, चोराला जेवायला बोलावलंय का?"

"आला तर येऊ दे," काका डोळे न उघडता म्हणायचे. "चावी बाहेर असली की लोकांना कळतं, घरात माणूस आहे. चावी नसली की घर मेलं."

ही रिपाव्हेर्नाची रीत. डोंगरावरच्या त्या गावात चावी कायम बाहेरच्या बाजूला कुलपात असायची. ज्याला यायचं त्याने ती फिरवावी आणि आत यावं. चावी निघायची ती एकदाच, घरातला शेवटचा माणूस परदेशी निघाला की. मग ती त्याच्याबरोबर जायची, बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत, आर्जेंटिनात, कॅनडात, पोट नेईल तिथे. असं करता करता सगळ्या चाव्या गेल्या आणि नुसती दारं उरली. पुढे एका हिवाळ्यात डोंगराची कड घसरली, वर जायचा रस्ता सरकारने बंद केला, आणि रिपाव्हेर्ना नकाशावरच्या ठिपक्यापुरतं राहिलं.

पार्दोकाका गेले बेल्जियमला. आई वारली तेव्हा ते मिसरूड फुटायच्या वयाचे होते. धाकट्या भावाला, म्हणजे निक्लाच्या वडिलांना, शहरातल्या मावशीने पदरात घेतलं. काकांनी दाराची चावी काढली, सुतळीत ओवली, गळ्यात घातली आणि गाडीत बसले. खाणीत जन्म काढला, तिकडचीच बायको केली, तिला पुरलं, आणि आता म्हातारपणी पुतणीकडे कायमचे राहायला आले. गळ्यात अजून तीच सुतळी, तीच वीतभर लांबीची लोखंडी चावी.

निक्लाला तर हर्ष झाला होता. आई-बाप दोघंही गेलेले, लग्न झालं नव्हतं, जगात रक्ताचं असं हे एकच माणूस. तिने काकांची खोली स्वतःच्या हाताने निळी रंगवली. म्हातारा सत्तरी कधीच ओलांडून गेला होता, पण निक्लाच्या हिशेबात तो आणखी वीस वर्षं तिला हवा होता. काका मात्र मधूनच म्हणायचे, "एकदा आईच्या हातचं जेवायचं राहिलंय, पोरी. तेवढं झालं की सुटलो." निक्ला तिथल्या तिथे विषय बदलायची. असलं बोलणं तिला सहन होत नसे.

तिचा धंदा मोठा मजेशीर होता. सगळ्या इटलीत एक थट्टा चालते की मोलीझे नावाचा हा आमचा प्रदेश मुळात नाहीच, लोकांनी आपला उगाच नकाशात भरलाय. निक्लाने ती थट्टाच हाती धरली. हॉटेलातली नोकरी सोडली आणि बाहेरच्या माणसांना मोलीझेतली गप्प गावं दाखवू लागली. "नसलेल्या मुलखात तुमचं स्वागत आहे," असं म्हणून ती गाडी सुरू करायची. वाड्या, कडेकपारीतली चर्चं, तीन म्हातारे आणि एक मांजर उरलेली गावं, सगळी तिला तळहातासारखी पाठ होती. फक्त रिपाव्हेर्ना राहिलं होतं, तिचं स्वतःचं!

आणि ऑगस्टातल्या एका शनिवारी बातमी आली की वनखात्याने वरची पायवाट मोकळी केली.

निक्ला नाचायचीच बाकी राहिली. पुढच्या महिन्यात तोरीनोहून निवृत्त शिक्षिकांचा एक घोळका येणार होता आणि त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, कुणीही न पाहिलेलं गाव पाहिजे. "काका, उद्या जाऊ! उद्याच! तुम्ही मला दारं दाखवा, गोष्टी सांगा, मी सगळं टिपून घेते."

काकांनी छातीवरच्या चावीला हात लावला. "उद्या रविवार," ते म्हणाले. "रविवारी आई रस्सा करायची." आणि लहान मुलासारखे हसले.

सकाळी निघायला उशीर झाला. काकांनी दाढी केली, कोट घातला, बूट पुसले, पुन्हा पुसले. डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती आहे, तिथे नीकान्द्रो नावाच्या माणसाचा कॉफीचा ठेला. दोघं तिथे थांबली.

"रिपाव्हेर्ना?" नीकान्द्रोने भुवया उंचावल्या. "अगं, मोलीझेच नाही म्हणतात, मग रिपाव्हेर्ना कुठून असणार?"

"नसलेलं बघायलाच चाललोय आम्ही," निक्ला म्हणाली.

कोपऱ्यात पत्ते कुटणारे दोघे म्हातारे खो खो हसले. नीकान्द्रो हसला नाही. कप पुसत पुसत म्हणाला, "जा. पण जेवायच्या वेळेच्या आत खाली या. वर कोंत्रोरा गाठू नका."

"का हो? वहिनींनी आज स्वयंपाक जास्त केलाय वाटतं? गिऱ्हाईक पाहिजे?"

"तसं समज," नीकान्द्रो म्हणाला आणि आत निघून गेला.

कोंत्रोरा म्हणजे दुपारची ती उलटी वेळ. ऊन डोक्यावर आलं की खिडक्यांच्या झडपा मिटतात, माणसं अंथरुणाला पाठ टेकतात आणि उन्हं कलेपर्यंत गल्लीत कुत्रंही फिरकत नाही. रात्रीला लोक उगाच बदनाम करतात. आमच्याकडे ज्याला भ्यायचं तो दुपारला भितो. रात्री निदान दिवा तरी लावता येतो, दुपारी काय लावणार? लहानपणी निक्लालाही दटावलं जायचं की कोंत्रोराला बाहेर पडशील तर कुणीतरी नेईल. पण डोक्यात एकदा उत्साह शिरला की असल्या गोष्टी कुणाला आठवतात?

गाडी पायवाटेच्या तोंडाशी ठेवली. गाडीची चावी नेहमीप्रमाणे गाडीतच राहिली, इथे कोण चोरणार! घराच्या किल्ल्यांचा जुडगा मात्र तिने सवयीने बोटात अडकवला आणि दोघं चढू लागली. काकांचे गुडघे बोलत होते. दर वळणावर ते थांबायचे, नाक वर करून वास घ्यायचे. जंगली बडीशेप, तापलेला दगड, अंजिराच्या झाडाचा चिकट गोडसर वास. खालच्या वस्तीत बाराची घंटा झाली तेव्हा गावाची वेस दिसली.

आणि काय गाव ते! निक्लाच्या तोंडून चीत्कारच निघाला. तिला वाटलं होतं, पडक्या भिंती आणि काटेरी झुडपं असतील. इथे गल्ली झाडून काढल्यासारखी स्वच्छ. दगडी घरं खांद्याला खांदा लावून उभी, छपरं शाबूत, कोनाड्यात तुळस. तुमच्याकडच्या तुळशीची सख्खी चुलतबहीण ती, तिचा वास सगळीकडे भरलेला. वेशीजवळच्या हौदात पाण्याची धार पडत होती.

"तू हो पुढे," काका म्हणाले. "मी तोंड धुतो. घामेजल्या तोंडाने घरी जायचं म्हणजे..."

निक्ला पुढे पळाली. मोबाइल काढला आणि दिसेल त्याचा फोटो घेत सुटली. तेवढ्यात तिचं लक्ष दारांकडे गेलं. चाव्या! जवळजवळ प्रत्येक दाराला बाहेरून मोठी लोखंडी चावी. एकीला लाल लोकरीचा धागा, एकीला पितळी पदक, एकीला नुसती चिंधी. वनखात्याचा एखादा हौशी साहेब असणार, तिने ठरवून टाकलं, पर्यटकांसाठी जुनी रीत मांडलीय. शिक्षिका तर वेड्या होतील! तिने लाल धाग्याच्या चावीचे चार फोटो घेतले.

गल्ली वळली आणि ती जागीच थांबली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. गावात माणसं होती!

दारादारापुढे काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या, गल्लीकडे पाठ आणि आपापल्या दाराकडे तोंड करून. जुन्या काळच्या बायका तशाच बसत. जाणाऱ्या-येणाऱ्याकडे तोंड करून बसणं चांगल्या घरच्या बाईला शोभत नसे. कुणी शेंगा सोलत होती, कुणी कणकेच्या गोळ्या अंगठ्याने दाबून कवातेल्ली नावाचा पास्ता वळत होती. आतून ताटल्यांचा आवाज येत होता, लाकडाच्या धुराचा वास, आणि तासन्‌तास मंद आचेवर शिजलेल्या टोमॅटोच्या रश्श्याचा वास. असा वास की सकाळपासून फक्त कॉफीवर असलेल्या निक्लाच्या पोटात कावळे ओरडू लागले.

"कुणाची गं तू?" जवळच्या म्हातारीने मान न वळवता विचारलं.

आमच्या गावांत कुणी नाव विचारत नाही. कुणाची, ते विचारतात. निक्ला खूश झाली. "एर्मिंदोची मुलगी. पार्दोची पुतणी."

"मग आमचीच की!" म्हातारीच्या मांडीवर वाडगा होता. तिने पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि खांद्यावरून मागे, न बघता, निक्लापुढे धरला. "चाख. मीठ बघ जरा."

आता मला सांगा, रविवारच्या रश्श्यात बुडवलेला पाव म्हातारीने पुढे केला आणि आमच्या मुलखातल्या कुणी नाही म्हटलं, असं कधी झालंय? उपास असला तरी माणूस तो खातो. निक्लाने घास तोंडात टाकला. रस्सा हनुवटीवर ओघळला, तो बोटाने पुसून तिने बोटही चाटलं.

"वा! पण काकू, मीठ थोडं कमी आहे हं."

बाई हसली. तिची पाठ तेवढी हलली. "मीठ कुठून आणू, बाळ? इथवर कुणी आणतच नाही. पुढच्या खेपेला येताना तू घेऊन ये."

"नक्की!" निक्ला म्हणाली. सप्टेंबरचा सगळा कार्यक्रम तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. शिक्षिका, ही गल्ली, ह्या म्हाताऱ्या, रश्श्यातला पाव! आनंदाने तिचा ऊर भरून आला. काकांना हे कधी सांगते असं तिला झालं आणि ती वळणाकडे धावली.

काका लाल धाग्याच्या चावीसमोर उभे होते. टोपी हातात, चेहऱ्यावरून पाणी निथळतंय.

"काका, वरती माणसं आहेत! बायका! जेवण—"

"हे साबातीनोचं दार," काका हळू आवाजात म्हणाले.

"कोण साबातीनो?"

"माझ्याबरोबर खाणीत होता. एकाच खोलीत राहायचो." त्यांनी धाग्याला बोट लावलं. "आमच्यात एक ठरलं होतं, पोरी. गावाबाहेर मेलं तर चावी मुठीत देऊन पुरायचं. साबातीनोच्या मुठीत ती राहीना. बोटं आखडली होती. मग मी माझ्या मोज्याची लोकर उसवली आणि चावी त्याच्या हाताला बांधली. ही गाठ... ही माझी गाठ आहे."

निक्ला दारापासून मागे सरली. "तशी दुसरी असेल. लाल लोकर काय, कुठेही—"

"आणि ते पितळी पदक रोक्कोचं. त्याच्याही शवपेटीवर माती टाकलीय मी." काका वळणाच्या पलीकडे बघत होते. "वर बायका बसल्यात म्हणालीस? पहिल्या दारी कोण आहे? पाठीत थोडी वाकलेली?"

"हो..."

"कार्मोझीना. कॅनडात वारली ती." काकांचे डोळे लुकलुकले आणि निक्लाला खरी धडकी भरली ती तेव्हा, कारण म्हातारा घाबरला नव्हता. जत्रेला निघालेल्या पोरासारखा तो फुलून आला होता. "आलेत, निक्ला! सगळे परत आलेत!"

आणि काका चढू लागले. गुडघेदुखी कुठल्या कुठे! निक्ला मागून ओरडत धावली, "काका, थांबा! खाली जाऊ. गाडीत पाणी आहे, बसा जरा..." ते कुठले ऐकायला? कार्मोझीनाच्या दारावरून जाताना तिने अंग चोरलं. टळटळीत ऊन पडलं होतं. खुर्च्यांच्या सावल्या खुर्च्यांखाली होत्या. बसलेल्या बायकांच्या सावल्या कुठेच नव्हत्या.

"पार्दो, उशीर केलास रे," कार्मोझीना न वळता म्हणाली. "पाव कधीचा भाजून झालाय."

"आलो, आलो!" काका म्हणाले.

गल्लीच्या टोकाला दोन दारं शेजारी शेजारी होती. दोन्हींच्या कुलपात चावी नव्हती. "हे माझं," काका धापा टाकत म्हणाले, "आणि हे तुझ्या बापाचं. बाबांनी दोघांना दोन दारं केली होती. तो कधी राहिलाच नाही इथे. म्हणजे आता तुझंच हे." त्यांनी सुतळी गळ्यातून काढली.

निक्लाने त्यांचा हात धरला. "काका, नका ना... ऐका माझं. हे बरोबर नाही. तुम्ही माझ्याकडे राहणार होता! निळी खोली..."

"वेडी कुठली. जेवून येतो ना."

"आत गेलेलं कुणी परत येत नसतं काका!"

आत भांडं वाजलं. बाईचा आवाज आला, तरुण, जरासा रागावलेला. "पार्दो, हात धुतलेस का?"

काकांचा हात निक्लाच्या हातातून असा निसटला की जणू तो कधी धरलाच नव्हता. चावी फिरली. दार आतल्या बाजूला सरकलं आणि काका गेले. चावी राहिली बाहेर, रीतीप्रमाणे.

निक्ला उंबऱ्यावर उभी होती. पाय आत टाकायचा धीर होईना. आत काळोख होता, चुलीचा उजेड होता, आणि टेबलाशी काका बसले होते. तिच्याकडे पाठ करून. कोट तोच, पांढरे केस तेच, पण पाय जमिनीला पोचत नव्हते. लहान पोराचे हलतात तसे ते खुर्चीखाली हलत होते. एक हात, फक्त कोपरापर्यंतच उजेडात आलेला, ताटलीत वाढत होता.

"काका... इकडे बघा. एकदा माझ्याकडे बघा."

"आत ये ना, निक्ला," काका न वळता म्हणाले. "दार लाव. वाफ जाते."

त्यांनी काटा उचलला.

हा घास गेला की संपलं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. धावत जाऊन ओढावं? पण आत गेलेलं माणूस वळून बघत नाही, ते ती समोर पाहत होती. आणि मग काकांचीच रोजची टकळी तिला आठवली. चावी बाहेर असली की घरात माणूस आहे. चावी नसली की घर मेलं.

तिने चावी धरली. ती तव्यासारखी तापलेली होती आणि हलेना. बोटातला जुडगा आड येत होता. तो तिने उंबऱ्यावर टाकला, दोन्ही हातांनी चावी पकडली, पाय चौकटीला लावला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढली.

चावी निघाली. निक्ला गल्लीत पाठीवर आपटली.

सगळा आवाज एकदम थांबला. ताटल्या नाहीत, धार नाही, वास नाही. ती उठून बघते तर दाराची फक्त अर्धी फळी, आत छप्पर नाही, कमरेएवढी खाजकुयली आणि भिंत फोडून उगवलेलं अंजिराचं झाड. मध्ये पार्दोकाका उभे, हात तोंडाशी नेलेला, हातात काही नाही.

"एक घाससुद्धा खाऊ दिला नाहीस," ते म्हणाले आणि ढसाढसा रडू लागले.

तिने त्यांना मिठी मारली, काखेत हात घातला आणि ओढत बाहेर आणलं. गल्लीभर दगडधोंडे पडले होते, बहुतेक घरांना दारंही नव्हती. खुर्च्या नव्हत्या, बायका नव्हत्या, चाव्या नव्हत्या. एक सोडून. शेजारच्या कुजक्या दारात, तिच्या वडिलांच्या, मघाशी रिकाम्या असलेल्या कुलपात एक चावी होती. लोखंडी नव्हे. शहरातल्या फ्लॅटची असते तशी चपटी, नवीकोरी चकाकणारी, डोक्यावर पिवळ्या प्लास्टिकची टोपी. टोपीचा एक कोपरा तुटलेला. निक्लाने ती पाहिली आणि विचार करायला थांबली नाही. म्हाताऱ्याला सांभाळत ती वाट उतरत राहिली.

नीकान्द्रोने दोघांना येताना पाहिलं आणि न विचारता पाण्याचे ग्लास ठेवले. काकांना खुर्चीत बसवलं. मग निक्लाला बाजूला घेतलं.

"वर काही खाल्लं का?"

"नाही! मी खाऊच दिलं नाही त्यांना!" निक्लाचा आवाज चढला. भीती होतीच, पण आता तिला विजयाची नशाही चढली होती. तिने आपला म्हातारा परत आणला होता, कुणाच्या तोंडातून, देव जाणे! "घास तोंडाशी गेला होता, तेवढ्यात मी चावी ओढली!"

"ते समजलं," नीकान्द्रो म्हणाला. "तू काही खाल्लंस का?"

निक्लाच्या जिभेवर तो रस्सा पुन्हा आला. तिने नकळत हनुवटी पुसली. नीकान्द्रोने फडताळातून मूठभर मीठ कागदात बांधून तिच्या हातात दिलं. "असू दे जवळ. हे खारट लागतंय तोवर तू इथली," एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर कळलं, जुडगा वरच राहिला. काकांच्या उंबऱ्यावर. तो आणायला परत जायचं नावसुद्धा तिने काढलं नाही. घरमालकिणीकडच्या चावीने दिवस काढले. रिपाव्हेर्ना कार्यक्रमातून कटाप झालं, शिक्षिकांसाठी दुसरं गाव ठरलं. लोखंडी चावी निक्लाने पिठाच्या डब्यात खोल पुरली. काका ठीक होते. ठीक कसले, सुधारलेच. बाजारात जाऊ लागले, शेजारच्या विधवेशी थट्टा करू लागले. हात तेवढा मधूनच छातीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. निक्ला त्यांच्याकडे बघून मनातल्या मनात म्हणायची, वीस वर्षं. वीस वर्षं तरी.

ऑगस्ट संपता संपता घरमालकीण आपली चावी परत मागू लागली. कुलूप बदलायचं ठरलं. बास्सो नावाचा कुलूपवाला आला, शीळ घालत काम केलं, आणि जाताना नवी चावी निक्लाच्या तळहातावर ठेवली.

पिवळी टोपी. एक कोपरा तुटलेला.

"दुसऱ्या रंगाची द्या," निक्ला म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

"ऑगस्टात कुठून आणू? सगळी दुकानं बंद. ही एकच टोपी उरली होती, ती पण पेटीत आपटून तुटली." बास्सो हसला. "रंगाने काय होतंय ताई, दार उघडल्याशी कारण."

तो गेला. गल्लीत एकेक झडप मिटत गेली. शहर गप्प झालं. निक्लाने चावी टेबलावर ठेवली, तिच्याकडे पाठ केली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. स्वतःला समजावत होती की पिवळ्या टोप्या हजार असतात. गॅसवर काकांचा रस्सा सकाळपासून रटरटत होता. काकांनी पावाचा तुकडा बुडवून तिच्यापुढे धरला.

"चाख गं. मीठ बघ जरा."

तिने चाखला. "कमी आहे."

"कमी? दोनदा घातलं!" काकांनी स्वतः चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "खारट झालाय पार! तुझ्या जिभेला झालंय काय?"

निक्लाने नीकान्द्रोची पुडी उघडली, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. वाळू ठेवल्यासारखं वाटलं. ती मागे वळली. टेबलावर चावी नव्हती.

"काका, नवी चावी कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? जिथे ठेवायची तिथे. बाहेर लावली."

"अहो काका!" ती जवळजवळ हसली, जवळजवळ रडली, आणि धावत जाऊन तिने दार उघडलं.

कुलपात चावी नव्हती. जिन्यावर कुणी नव्हतं. खाली पायपुसण्यावर, अगदी मधोमध, तिचा जुना जुडगा ठेवलेला होता. तिने वाकून उचलला. तो उन्हात पडून तापल्यासारखा गरम होता, आणि त्या जिन्यात ऊन म्हणून कधी येत नसे.

"कोण आलंय गं?" काकांनी आतून विचारलं.

"कुणी नाही," निक्ला म्हणाली. जिन्यावरून लाकडाच्या धुराचा वास वर येत होता, त्यामागोमाग तुळशीचा, मग रश्श्याचा, आणि इतक्या भीतीतही तिला सणाच्या दिवशी लागते तशी सपाटून भूक लागली.